फक्की

आंबिल ओढ्याच्या कडेला पालिकेचं मैदान.
फाटकावर पत्र्याची पाटी :
महिला व मुली – दुपारी दोन ते चार.
ज्या वेळात हे शहर दुकानाला कुलूप घालून झोपतं
तेवढाच वेळ आमच्या नावावर.

दोनला उज्ज्वला तिसऱ्या घरच्या भांड्यांत असते,
नसीम शिलाईवर,
मी दीडशे पोळ्यांच्या मागे.
उरल्या शाळेतल्या पोरी. त्या शाळेत.

चेंजिंग रूम आहे.
आत मंडळाचे बांबू, फ्लेक्सच्या गुंडाळ्या,
तीन वर्षांपूर्वीचा थर्माकोलचा महाल.
किल्ली झेंडेंकडे, आणि झेंडे जेवायला.
रविवारी खेळायचं असलं की
तेरा वर्षांची तनिष्का
सकाळपासून पाणी पीत नाही.
कुणी सांगितलं नाही तिला.
तिचं तिनंच ठरवलं.

वॉर्ड ऑफिसात गवळीसाहेबांनी रजिस्टर फिरवून दाखवलं.
‘बघा, बायकांचा प्रतिसादच नाही.’
दोन ते चारचा रकाना,
पानामागून पान, कोरा.
मी म्हटलं, साहेब, हा आमचा आळस नाही,
ही तुमची वेळ आहे.
त्यांनी चहा मागवला.
एकच.

मी जिल्ह्याला खेळले आहे. कुणाला सांगत नाही.
सतराव्या वर्षी खांबावर झेपावताना फुटलेली हनुवटी
लग्न जमवताना आईनं
‘लहानपणी पायरीवर पडली’ म्हणून खपवली.

मंगळवारी साडेसहाला दिवे लागले.
पोरांनी स्टंप रोवले होते.
आम्ही आठजणी गेलो आणि बसलो.
घोषणा नाही, फलक नाही,
खो-खोत बसतात तशा, पाटीच्या रेषेत,
एकीचं तोंड ओढ्याकडे, दुसरीचं रस्त्याकडे.
उज्ज्वलाचा गुडघा कुरकुरला.
नसीमनं ओढणीची गाठ मारली.

‘मावशी, आमची मॅच आहे.’
हो रे बाबा.
‘काकू, चेंडू लागेल.’
लागू दे.
कुणीतरी हसलं, कुणीतरी मोबाईल काढला,
ओम्या थोपटे ओशाळून बॅटीनं माती उकरत राहिला,
त्याची आई माझ्या शेजारच्या चौकोनात होती.

बसणं म्हणजे काय, हे खो-खोवालीला विचारा.
टाचा उचललेल्या, हात जमिनीला,
पाठ डोळ्यांसारखी उघडी.
लोक म्हणतात, बायका कामात खो घालतात.
आमच्यात खो मिळाला की उठून धावायचं असतं.

नववी कोण, हे ठरलं नव्हतं.
तनिष्का फाटकापाशी उभी होती, बाटली हातात.
बाटली उघडली तिनं,
सगळी प्यायली, घोट घोट,
आणि पळत आली.
माझ्या पाठीवर तिचा ओला पंजा.
खो!
एक्केचाळीस वर्षांची मी, पहिल्या तीन पावलांत
काहीच आठवलं नाही. चौथ्यात सगळं.

आता रजिस्टरात लिहिलंय :
महिला – मंगळ, शुक्र, साडेसहा ते आठ.
पेन्सिलीनं.
झेंडेंनी किल्ली खिळ्याला टांगली, बांबू अजून आत आहेत.
ओम्या विचारतो, पुढच्या मंगळवारी फायनल आहे, तेवढं...
बघू, म्हणते त्याची आई.

मी फक्कीची पिशवी घेऊन येते.
वाकून, पाऊल मोजत, रेषा आखते.
रात्री पोरं पुसून टाकतात पळता पळता.
शुक्रवारी पुन्हा आखते,
जरा जाड.