ऋण दोन लाख

जुलैचा शेवटचा आठवडा. भुसावळ, जामनेर रोड,
झेरॉक्सच्या दुकानावरची माझी खोली.
कूलर आहे, त्यात पाणी नाही.
वरणगाव फॅक्टरीतून सुटून झोपे येतात,
टिफिनच्या पिशवीतच फाइल,
फाइलीला कळण्याच्या भाकरीचा वास.

"यंदा किती घाटा बसला भो?"
केळीचा भाव विचारावा तसं विचारतात.

मी मांडतो.
भाडं सात हजार, वर्षाचे चौऱ्याऐंशी.
घरपट्टी चार, ती गेली.
उरलेल्या ऐंशीतले तीस टक्के
सरकार डोळे मिटून सोडतं, डागडुजीसाठी म्हणून,
चोवीस हजार.
राहिले छप्पन्न.
बँकेचं व्याज दोन लाख छप्पन्न.
म्हणजे यावल रोडवरच्या दोन खोल्यांपासून
झोप्यांचं उत्पन्न: ऋण दोन लाख.

"बरोब्बर बसलं," म्हणतात,
जसं कपाटाचं दार चौकटीत बसावं.
पगारातून दोन लाख वजा,
करात वाचले एक्केचाळीस हजार सहाशे.
खिशातून गेले एक लाख शहात्तर
हा आकडा फॉर्मात कुठेच मागत नाहीत.
मी तो पेन्सिलीनं मागच्या बाजूला लिहितो
आणि खोडतो.

वजाला ऋण म्हणायला शिकवलं
फैजपूरच्या शाळेत वारके सरांनी.
फळ्यावर एक आडवी रेघ, झालं.
ऋण म्हणजे कर्जसुद्धा, हे सांगितलं नाही.
त्यांना माहीत असणार.
मधल्या सुट्टीत पतपेढीत जाऊन यायचे ते.

त्याच संध्याकाळी अर्जिना तडवी,
रेल्वे हॉस्पिटलातली नर्स, झोप्यांची भाडेकरू.
भाड्याच्या बारा पावत्या,
प्रत्येकीवर तिकिटावरून तिरकी उतरणारी झोप्यांची सही.
ऑगस्ट, सप्टेंबर फुगलेले, शाई पसरलेली.
"कपाटावर स्लॅब गळतो. तीनदा सांगितलं.
म्हणतात, मीच घाट्यात आहे बाई."

खोटं बोलत नाहीत झोपे.
मीच तर मांडलाय तो घाटा.
दोन फाइली टेबलावर, एकीवर एक.
चोवीस हजार एका कागदावर कोरडे,
दुसऱ्यावर ओले.
मी दोन्हींचे पैसे घेतले, प्रत्येकी सातशे.

हे गेल्या वर्षीचं.

यंदा झोप्यांचं पोरगं म्हणालं, नवीन पद्धत घ्या.
दोन्ही मांडून पाहिल्या. नवीन स्वस्त निघाली,
फक्त तिच्यात घराचा घाटा घरातच राहतो,
पगारापर्यंत पोचत नाही.
झोपे बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले.
"म्हणजे आता घाटा करून फायदा नाही?"
"नाही."
"मंग ते घर मी कशाले घेतलं भो?"

'कशाला'साठी रकाना नाही माझ्याकडे.
मी खिडकी थोडी उघडली. गरम हवाच आत आली.

"ती डागडुजी, तिची बिलं लागतात का?"
"कधीच लागत नव्हती."
"म्हणजे दरसाल मी दुरुस्ती केली
असं सरकार समजते?"
"हो."
"आठ वर्सं?"
"आठ वर्षं."

माझी पेन्सिल उचलली त्यांनी.
पासबुकाच्या पाठीवर चोवीस गुणिले आठ,
हातचे धरून, हळूहळू.
एक लाख ब्याण्णव हजार.
आकड्याआधी कुठलंच चिन्ह घातलं नाही.
पिशवी उचलली आणि निघाले.

मी फॉर्म पाठवत होतो,
तर जिन्यातून आवाज,
"भो, त्या बाईकडं अजून गळतं का?"

स्क्रीनवर चौकट उघडली होती, सहा आकडे मागत,
आणि ते आकडे त्यांच्या फोनवर, त्यांच्याच खिशात.
"वर या," म्हटलं,
"ओटीपी तुमच्याकडं आलाय."