दहापैकी

मानकर सरांनी मला परीक्षक केलं,
कारण मी एकतीस वर्षं डेपोत होतो.
युद्धाशी माझा संबंध हमालाएवढा.
पेटी उचलायची, वॅगनमध्ये ठेवायची, आकडा ओरडून सांगायचा.
ती कुठे फुटणार, हे विचारायची तिथे चाल नव्हती.
तरी गावात मी मिलिट्रीवाला.

फळ्यावर विषय:
'जुलमी राजवटीविरुद्ध सैन्य पाठवणे न्याय्य आहे.'
न्याय्यपाशी खडू तुटलेला, पुढचं अक्षर जाड.
मैदानात पऱ्हाटीची गंजी, गंजीवर कोणाची तरी शेळी.

प्रांजली भोयर, नववी ब, बाजूने बोलली.
"शेजारच्या घरात बाई मरत असेल,
तर दाराला आतून कडी आहे म्हणून
आपण अंगणात उभं राहायचं का, महोदय?
देशाची सीमा म्हणजे तरी काय? मोठी कडी."
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
मग आठवलं, परीक्षकाने वाजवायच्या नसतात.

सुबोध उईके उठला.
हातातला कागद घडी करून त्याने खिशात घातला
आणि पुस्तकी भाषा तिथेच संपली.
"ज्याच्या विहिरीवर आपला डोळा, त्याचंच घर जुलमी दिसते.
बाकीच्या घरातलं रडनं कोनाले ऐकूच येत नाई.
अन् बॉम्बले काय मालूम,
राजा कोनता अन् राजाचा सैपाकी कोनता?"

"मंग काय करावं? चिठ्ठी लिहावं?"
प्रांजली जागेवरूनच ओरडली.
"चिठ्ठी वाचेस्तोवर बाई मरते ना रे!"
सरांनी घंटी वाजवली. ती बोलतच राहिली.

मला मात्र कडीच ऐकू येत होती,
बेबी ढोबळेच्या घराची.

आम्ही चौघे होतो. सब्बल माझी.
तिसऱ्या घावाला दार आडवं झालं.
रामकृष्णाला बाभळीला बांधलं, आणि खोटं कशाला सांगू,
पोलीस येईपर्यंत मारलंही, लागत होतं त्याहून जास्त.
बेबी वाचली.
हे आधी लिहून ठेवतो, हे कोणी खोडू नये.

दाराआड तिचा सासरा होता.
दार त्याच्या पायांवर पडलं, आणि दारावरून आम्ही आत गेलो,
चौघेही.
म्हातारा कडी काढायलाच उठला होता.
हे आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं.
तोवर फाट्यावरच्या हॉटेलात
प्रत्येकाने आपापला घाव तीनदा सांगून झाला होता.

दार बसवायला कोणी गेलं नाही.
आम्ही शूर होतो, सुतार नव्हतो.
अख्खा पौष तिने चौकटीला ताडपत्री बांधून काढला.
कुत्री आत यायची.

सात वर्षांनी चक्कीवर मी तिला विचारलं. धीरच नव्हता झाला.
तिने पिठाचा डबा खाली ठेवला.
"तुमी आले नसते तं मी नसती, भाऊ. ते हायेच.
पन बुढ्याले आवाज तं द्याचा होता.
एक आवाज."
आणि डबा डोक्यावर घेऊन गेली.

डेपोतल्या पेट्यांनाही कड्या असायच्या,
दोन्ही बाजूंना एकेक, दोरीच्या.
एकतीस वर्षं मी त्याच धरल्या.

दोघांपुढे मी आठ लिहिलं.
सर कानाशी वाकले, "बरोबरी जमत नाई, काका. ढाल एकच हाये."
ढाल टेबलावर होती, पत्र्याची,
बोटाने दाबली तर पोचा पडेल अशी.
बेबी जिवंत आहे, असं मनाशी म्हणत
मी सुबोधचा अर्धा गुण कापला.

फाटकाशी त्याने मला गाठलंच.
"काका, माहा अर्धा कुठं गेला?"
"दाराखाली," मी म्हणालो.
त्याला कळलं नाही.
तो खाली बसून सायकलची चेन चढवू लागला.