हिरवी शाई

आमच्याकडे मतदान बालवाडीत असतं.
सहाला पेटी बंद होते, दार मात्र उघडंच ठेवायचं,
मोजणी कुणालाही बघता यावी म्हणून.
इतकी वर्षं कुणी आलं नाही.
आज भिंतीला टेकून दोन पोरं उभी आहेत
मोबाइल उंच धरून,
आमच्या हातांचं चित्रण करत.

मी हाइड्रुन. एकाहत्तर पूर्ण.
गाडीत तिकिटं तपासायचे, मग गाडीच बंद झाली.
तेव्हापासून दर निवडणुकीला मोजणीला बसते.
आकड्यांशी माझं कधी भांडण नव्हतं.

गुडघे हनुवटीला लागतील अशा खुर्च्यांवर
आम्ही सातजण कागद उलगडतोय.
भिंतीवर पुठ्ठ्याची घुबडं, पोटावर नावं:
एमिल, यूसुफ, फ्रीडा, आणखी एक एमिल.

आधी गठ्ठे बरोबरीने चालले होते.
मग एकच वाढायला लागला,
दूध वर येतं तसा,
सगळ्यांचं लक्ष असताना.
नोआकबाई म्हणाल्या, याचे दोन करू या, नाहीतर कोसळेल.
कुणी हसलं नाही.

फुलीवर नाव नसतं.
पण जन्मभर मी लोकांचे हातच बघितलेत.
ही थरथरती, नव्वदीतली.
ही इतकी दाबून मारलेली की कागद फाटलाय;
राग म्हणायचा, की पेन कोरडं होतं?
नियमाने दोन्ही वैध.

आणि ही हिरवी.

"बूथमधलं पेन त्यांचं असतं," फोल्कमार म्हणतो,
"रात्रीतून शाई उडते."
बघितलंय त्याने कुठेतरी, फोनवर.
म्हणून तो घरून स्वतःचं नेतो,
खाणीत पाळीप्रमुख असताना
ज्याने हजेरीवर सही करायचा, ते.
मोजणीला बायको बसणार हे त्याला माहीत आहे.
माझ्यावर विश्वास आहे त्याचा. पेनावर नाही.

"वैध?" पलीकडून विचारतात.
"वैध."
दोनशे बारा.

'आपलं गाव परत घेऊ या,'
बसथांब्यावरच्या फलकावर लिहिलंय,
खाली गव्हाचं शेत, सोनेरी केसांची मुलगी.
फोल्कमारचं गाव कोळशावर होतं.
चर्च आधी पाडलं, मग सफरचंदाची झाडं,
मग यंत्र आलं, दहा मजली,
आणि यंत्रावर चालक कोण,
तर हाच, चोविशीतला, शिट्टी वाजवत.
बापाचं अंगण त्याने एका पाळीत उचललं.
बोनस मिळाला होता. आम्ही टीव्ही घेतला.
आता तिथे तळं आहे.
पर्यटक येणार होते. पाण्यात आम्ल आहे, मासा धरत नाही.
रविवारी तो काठावर उभा राहतो
आणि पाण्यात बोट दाखवून मला सांगतो,
तिथे बेकरी, तिथे शाळा.
मलाही आता दिसायला लागलीय.

कुणी कुणाला काय परत देणार?

शुक्रवारी त्याच्या पायाची जखम बांधायला
डॉक्टर रीम येते, हलबची,
जिल्ह्याच्या गावाहून दोन बस बदलून.
जाताना तो तिच्या हातात अंडी देतो, मोजून दहा,
स्वतःच्या कोंबड्यांची.
एकदा म्हणाला, "तुझ्याबद्दल नाही हं ते. बाकीच्यांबद्दल."
ती पट्टी गुंडाळत होती.
"बाकीच्यांच्या घरी मी मंगळवारी जाते," म्हणाली.
तो हसला. मीही हसले.
तेव्हा हसायला नको होतं मी.

नऊला सह्या झाल्या. पोरं गेली,
घुबडांचाही फोटो काढून.
आम्ही खुर्च्या परत गोल मांडल्या,
सकाळी त्यांना लागतात.

घरी सूप गरम होतं. त्याने वाढून ठेवलेलं.
"किती झाली आपली?"
आकडा सांगितला.
मला वाटलं होतं, टेबलावर मूठ आपटेल, बाटली उघडेल.
त्याने नुसती मान हलवली,
हवामान ऐकल्यासारखी,
आणि दुखरा पाय उचलून स्टुलावर ठेवला.
'आपली' तेवढी माझ्या बशीशेजारी पडून राहिली.

"शुक्रवारची अंडी बाजूला काढून ठेव," झोपायला जाताना म्हणाला.

टोपली पुढ्यात घेतली. दहा मोजली.
मग पुन्हा मोजली.