आठ नंबरचं बीट

मंगू, आधी खाली उतर.
शिडीचा डावा पाय फरशीच्या फटीत आहे.
खाली पुठ्ठा सारू नकोस, पुठ्ठा सरकतो.
हां. आता चढ.

ओढणी मागं खोचू नकोस, काढूनच ठेव
माझ्या डब्यावर. बांगड्याही.
आईनं विचारलं तर सांग, मामानं उतरवल्या,
तिला माझ्या अंगठ्याची गोष्ट ठाऊक आहे.
हातमोजे नकोत.
फिरत्या बीटाला एक धागा पुरतो,
मग ते बोटाची परवानगी मागत नाही.

चकची चावी कुठाय?
चकमध्येच?
आधी बोर्डातनं पिन काढ, मग चावी.
विसरलेली चावी गोफणीतल्या दगडासारखी सुटते.
उद्यमबागेत एकदा काच फोडून
ती थेट कँटीनच्या सांबारात पडली होती.
हसू नकोस.
काचेच्या अलीकडं सोमाण्णा बसला होता.

भिंतीला विचारल्याशिवाय भोक नाही.
स्विचच्या सरळ वर, सरळ खाली वायर झोपलेली असते.
मालकांना म्हण या लाईनीचा फ्यूज काढा,
आपण शेजारच्या शिंप्याकडनं वायर ओढू.
खडेबाजारात एवढं कुणी नाही म्हणत नाही.

बाजूची मूठ धर.
एका हातानं चहा पितात.
बीट सळईला अडलं की ड्रिल थांबतं
आणि तुझं मनगट फिरतं.
घोडा सोडायचा तेव्हा. झुंजायचं नाही.

आता तोंड.
टॉवेल नव्हे.

भरमाण्णा तीस वर्षं टॉवेल बांधत होता,
ओला, पिळलेला, तासातासाला बदललेला.
आम्हाला वाटायचं, याच्याएवढा जिवाला जपणारा कोण.
मग मोठ्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला
आणि कन्नडात म्हणाल्या, धूळु.
मी त्याला मराठीत सांगितलं, धूळ.
तो म्हणाला, कळलं रे, दोन्हीकडनं कळलं.
एका उकाराचा फरक,
तेवढ्या फटीत त्याचा श्वास मावत नव्हता.

म्हणून हा मास्क. वरची पट्टी नाकावर दाब.
जोरात फुंक.
गालाजवळनं वारा सुटला का? परत बांध.
मोठा चष्मा तुझ्या नंबरच्या चष्म्यावरच चढव.
कानात बोंडं घाल. मी नाही घातली,
आता उजव्या बाजूनं मला
गणपतीचा ढोलसुद्धा लांबच्या गल्लीतला वाटतो.

जुन्या पेपरचं पाकीट दुमडून
भोकाच्या खुणेखाली चिकटव.
विटेचा भुगा त्यात पडेल,
मालकीणबाईंच्या साड्यांच्या गठ्ठ्यावर नाही.

बोर्डावर काय लिहिलंय ते आपण बघायचं नाही.
वर मोठी कन्नड अक्षरं, खाली आपली बारीक,
कोण्या सायबानं टेप लावून मोजलेली.
भोकं मात्र चारही सारखी.
आठ नंबर.

हळू सुरू कर. टोक बसू दे.
अंगाचा भार टाकू नकोस, ते आपणच जातं,
आपण फक्त सरळ राहायचं.
असं.
असं, पोरी.

थांब! भोकात फुंकू नकोस!
तोंड लांब. पिन काढ. ओलं फडकं घे.
झाडूला हात लावलास तर
खाली बसलेलं सगळं परत उठतं.

काय?
मास्कातनं काय विचारालैस?
ह्या कानानं ऐकू येत नाही म्हटलं ना.

तू ड्रिल वरच्या पायरीवर नाही ठेवत,
खाली आणून नीट डब्यात ठेवतेस
(हे मी शिकवलेलं नव्हतं),
डब्यातनंच दुसरा मास्क काढतेस.
माझे दोन्ही हात शिडीला,
म्हणून तूच बांधतेस
आणि नाकावरची पट्टी दाबतेस,
जरा जास्तच.