तेरा गुण जास्त

कोउवोला, फेब्रुवारी, रात्रीचे साडेअकरा.
तुइरेच्या स्वयंपाकघरात दोन हजार गुणांचं सैन्य
अजून कागदावरच आहे
आणि बेरीज येते आहे दोन हजार तेरा.

शनिवारी लाह्तीला सामने, सहा चाळीसची गाडी.
यादी उद्या दुपारपर्यंत धाडायची.

टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर गंजपलटण:
कुठल्याशा बर्फाळ चंद्रावरच्या खाणीत बंड केलेले लोक,
अंगठ्याएवढे,
अंगाला अजून डिंकाचा वास.
चालता बुरूज, चारशे दहा. उजव्या गुडघ्यात
टाचणी खुपसली आहे, नाहीतर तो नमस्कार घालतो.
तोफगाडे दोन. टेहळे. वैदू.
सुरुंगवाल्यांच्या तीन तुकड्या. त्यांचे डोळे रंगवण्यात
अख्खा डिसेंबर गेला आणि तरी सगळे चकणेच झाले.
कप्तान एकशे पंचेचाळीस, विजेच्या तलवारीसकट.
आणि पार मागे, पाण्याच्या नळापाशी थांबणारे दहा जण.
जुन्या फौजेत यांना बुणगे म्हटलं असतं,
हंडेभांडी राखणारे,
लढाईच्या बखरीत ज्यांचा आकडा येतो, नाव येत नाही.
दर डोई तेरा.

तेरा.
एक खोडला की ताळा जुळतो.
दोन हजार, वाटोळा, गुळगुळीत,
खाली दोन रेघा ओढाव्यात असा.

खोडायला ती शिकलेली आहे.
ऑक्टोबरात, कागद गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
राइमोने खुर्ची जवळ ओढली,
म्हणाला, चाळीस झाले, छान. आता फक्त एक.
पाळ्या तीच लावायची, कुणावाचून
कोणतं यंत्र किती तास अडतं ते तिला तोंडपाठ.
पंपघरातला आउलिस ह्युप्पोनेन.
बावीस वर्षं रात्रपाळी,
आणि काम असं, की नीट झालं तर कुणाला कळतच नाही.
तिने नाव टंकलं. मग कॉफी घेतली.
त्या दिवशी दोनदा साखर पडली, हे आठवतं.

गुण.
शाळेत जास्त पडले तर आई बोलायची काहीच नाही,
फक्त वेलदोड्याचा पाव भाजायची, आठवड्याच्या मध्येच.
इथे जास्त झाले की कुणीतरी घरी जायचं.

ती दहावा उचलून दिव्याखाली धरते.
साच्यातच बिघडलेला, बंदुकीची नळी वाकडी.
पिवळा रंग संपला म्हणून शिरस्त्राण तपकिरी.
बाकीचे नऊ त्याच्याकडे बघत नाहीत;
त्यांच्या माना तशाच ओतलेल्या आहेत.

खिडकीबाहेर बर्फ ढकलणारी गाडी येते, जाते.

तुइरे कप्तानाची तलवार खोडते.
पंधरा.
एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.
आणि कागदाशी बाहुला जुळायला हवा म्हणून
छोटी पक्कड घेऊन
मनगटापाशी, कट्.
तलवार उडून कुठेतरी शेगडीमागे जाते.
राहू दे तिथे.

लाह्तीत समोर वेती नावाचा पोरगा, उंच,
नखांत निळा रंग. यादी वाचून भुवया चढवतो:
दोन गुण वाया? एवढ्यात एक धूरगोळा आला असता.
आला असता, ती म्हणते.

कप्तान दुसऱ्याच डावात पडतो, हात वर करून.
बुरुजाची टाचणी तिसऱ्यात निसटते.
सुरुंगवाले बरे लढतात, चकणे असून.
पाच डाव नळाकडे कुणी फिरकत नाही,
त्या दहांसाठी फासा एकदाही पडत नाही.
शेवटी ती हरते, चार गुणांनी.
नळाचे पाच मिळाले नसते तर नवाने हरली असती.

आवरताना वेती तपकिरी टोपीवाला चिमटीत धरतो:
हे आणलेस कशाला?

नळ बघायला, तुइरे म्हणते,
आणि डब्यातल्या स्पंजात
त्याची जागा शोधू लागते.