बारावं घर

शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या.
मुनाफ बागवानचा स्टुडिओ, पासपोर्टचा निळा पडदा,
चौदा जण, सात रोल.
नियम त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेले:
पहिल्यानं कॅमेरा उभा धरायचा, छत्तीस काढायचे,
रोल मागं गुंडाळून डब्यात टाकायचा.
दुसऱ्यानं तोच रोल उचलायचा,
कॅमेरा आडवा धरून त्यावरच पुन्हा छत्तीस.
कुणी काय काढलं, सांगायचं नाही.
"ताणा एकाचा, बाणा दुसऱ्याचा," मुनाफ म्हणाला,
"चादर झाली तर झाली. नायतर फडकं."

माझ्या चिठ्ठीवर: उभा.

मी सिव्हिलमध्ये एक्स-रे काढतो, बावीस वर्षं झाली.
दिवसभर तीनच वाक्यं बोलतो:
श्वास घ्या. रोखा. सोडा.
चेहरे लक्षात राहत नाहीत, बरगड्या राहतात.
या वेळी श्वास रोखायचा होता तो मी.

एप्रिल. सकाळी आठालाच कॅमेऱ्याची पाठ तापलेली.
गावात उभं काय काय आहे ते हुडकत फिरलो.
कंबर तलावाकाठचा खांब, बगळ्यासकट.
नव्या पेठेत दुकानाबाहेर टेकवलेली सतरंज्यांची गुंडाळी,
तिला धरून पेंगणारा हमाल.
भुईकोटाच्या भिंतीतून सरळ वर आलेलं पिंपळाचं रोप.
बारावा फोटो बंद गिरणीच्या चिमणीचा.
बॅट घेतलेलं एक पोरगं शेजारी येऊन थांबलं.
"काय काढायलाव?"
"चिमणी."
ते वर बघत राहिलं. "हाय की ओ, एक बसलीया."
खरंच होती, काठावर, तिळाएवढी.
फोटोत आली की धूळ आली, अजून वाद आहे.

फिल्मच्या जिभेवर लाल रेघ मारून ठेवली होती,
दुसऱ्यानं तिथूनच सुरुवात करावी म्हणून.
ती कुणी पाळली नाही.
दोन कॅमेऱ्यांची पावलं वेगळी पडली.
धुतलेला रोल ड्युटी संपल्यावर
एक्स-रेच्या उजेडाच्या पेटीवर लावला.
बगळ्याच्या अंगावरून अर्धी सायकल गेलेली,
हमालाच्या डोक्यात शिलाई मशीन,
पुढं नुसता चिखल.
एका घरात मात्र दोघं नेमके एकावर एक:
माझ्या आकाशानं तिचं सगळं जाळलं होतं,
उरला तो चिमणीच्या अंधारात मावेल एवढाच,
टॉवेलच्या गठ्ठ्यांवर आडवा पडलेला एक माणूस,
डोकं धुराड्याच्या तोंडाशी, पाय जमिनीत.

ती नागमणी चिलवेरी. अक्कलकोट रोडला
टॉवेलच्या कडा शिवते. माणूस तिचा नायना.

टांगायचं कसं, यावर पाऊण तास गेला.
चिमणी उभी ठेवली तर माणूस विटांत चिणल्यासारखा,
माणूस आडवा ठेवला तर चिमणी पडलेली.
मुनाफनं शेवटी एकच खिळा मारला,
म्हणाला, ज्याला जसा पाहिजे त्यानं फिरवावा.

नायना आले पाचच्या सुमाराला, इस्त्रीचा शर्ट घालून.
फोटो फिरवला. परत फिरवला.
"झोपलो नव्हतो मी," लेकीला म्हणाले.
"चौथा माग चुकत होता. ऐकत होतो."
आणि खोकले. थोडंच.

माझी नजर त्या चौकटीत छातीपाशी गेली,
विटांच्या रेघा बरगड्यांवरून गेलेल्या,
सवयीनं मी डावं बघितलं, मग उजवं.
फोटोतून काही कळत नसतं, हे मला कळतं.
खोकला किती दिवसांचा, हे ओठांवर आलं होतं,
तिथं सरबत वाटत होते.

खिशात ती चिठ्ठी सापडली.
तिच्या मागं लिहिलं: मंगळवार, सकाळी नऊ,
खोली सात, माझं नाव सांगा.
नागमणीला दिली.
तिनं उघडली ती नेमकी दुसऱ्या बाजूनं.
"उभा," तिनं मोठ्यानं वाचलं, आणि हसली.
मग उलटी केली.