पिठावरचं बोट

तू विचारतेस, रोवीना,
तो बोलतोय की आपणच आपल्याशी बोलतोय
हे ओळखायचं कसं.
सेमिनरीत याचे चार नियम शिकवले होते.
चारही माझ्या वहीत आहेत, सुवाच्य अक्षरात.
ते राहू दे. थर्झाच्या स्वयंपाकघरातलं सांगतो.

न्यूफाउंडलंडच्या या खाडीत तेव्हा एकोणीस घरं उरली होती.
नोव्हेंबर होता. डॉर्मनची होडी
दोन रात्री परतली नव्हती.
स्टोव्हवर केटल, भिंतीला टेकून बाया,
खुंटीवर त्याची दुसरी टोपी.
मी तिशीचा. मला शांतता सोसत नसे.
गुडघे टेकले, आणि छातीत काहीतरी ऊबदार उसळलं,
इतकं स्पष्ट, इतकं गोड,
की आमेन म्हणायच्या आधीच बोलून गेलो:
"देवानं मला सांगितलंय. डॉर्मन परत येईल."

थर्झानं माझ्याकडे पाहिलं,
उठली,
आणि त्याचं ताट वाढलं.

चौथ्या दिवशी ते ताट कुत्र्यानं खाल्लं.
डॉर्मन आला तो एप्रिलात, बर्फ फुटल्यावर,
दुसऱ्याच गावच्या किनाऱ्याला.
अंत्यविधी मीच केला.
शास्त्रपाठातल्या प्रत्येक 'प्रभू म्हणतो'पाशी
जीभ अडखळली.

पुढे वर्षभर मी देवाच्या तोंडी एक शब्द घातला नाही.
उपदेशातसुद्धा 'कदाचित', 'बहुधा', 'मला वाटतं'.
म्हातारा अझारिया दारात हात मिळवताना म्हणाला,
पाळक हल्ली हवामानखात्यासारखा बोलतो.

मग एकदा तिच्या स्टोव्हचं धुराडं तुंबलं
आणि तिनं मला बोलावलं. माझ्याकडे शिडी होती,
एवढंच कारण. निदान मी तसं समजलो.
काजळीनं काळा होऊन खाली उतरलो
तर ती पीठ मळत होती, पाठमोरी.
म्हणाली, "त्या रात्री देव इथे होता, पाळक.
त्या खुर्चीपाशी. मला कळत होतं.
तुम्हीच फार बोलत होतात."

मी हात धुतले. पाणी काळं होत राहिलं.

मग तिनं विचारलं नसताना दाखवलं:
फुगलेल्या पिठात बोट रोवलं, काढलं.
खळगा झटक्यात भरून आला.
"असा उड्या मारत वर आला तर अजून वेळ आहे.
हळूहळू भरला, थोडासा तसाच राहिला,
तर भट्टीत घालायचं.
आणि खळगा भरलाच नाही, तर मीच उशीर केला."
बास. पुढे ती बटाट्यांच्या भावावर बोलली.

तेव्हापासून मी बोट रोवून बघतो, रोवीना.
माझी हौस, माझी भीती, मंडळीची वाहवा,
सगळं कसं झटकन वर येतं, आणि देवाच्याच आवाजात!
अंगणात लोकर पसरून दव मोजत नाही आता.
एकदा उघडलेल्या पानावर बोट ठेवून बघितलं होतं,
तर निघाली खांबांच्या लांबीरुंदीची यादी.

नेहमी जमतं असं नाही.
आयलाच्या लेकीला मी लग्न कर म्हणालो, ते चुकलं.
अझारियाच्या शेवटच्या दुपारी
काहीच सुचलं नाही म्हणून त्याची नखं कापत बसलो.
ते बहुतेक बरोबर होतं.

आता हे पत्र आलंय, तुला ठाऊकच आहे:
शहरातली मोठी मंडळी, ऑर्गन, पगार,
पायऱ्या नसलेलं घर.
वाचताक्षणी छातीत तेच ऊबदार उसळलं.
म्हणून ते घडी घालून खिशात ठेवलंय.
इथे आता सात घरं आहेत. थर्झाचे गुडघे गेलेत.
हेही मी देवाचं कारण म्हणून वापरू शकतो,
एवढा लबाड मी आहे.

शुक्रवारी फेरी येईल, उत्तर न्यायला.
आज मंगळवार.
तिच्याकडे लाकडं फोडून द्यायचीत, ती देऊन येतो.
तू तोवर तुझं पत्र परत एकदा वाच,
आणि मला लगेच लिहू नकोस.